सोलापूर जिल्ह्यातल्या खेडोपाडी शाळांत फिरून मुलांचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स घेऊ आणि कधी जाऊ?

लेन्सचं पटकन सांगतो. एकच न्यायची तर 50 एमएम. वर्गातली ट्यूबलाइट बंद करा, पोराला दाराशी बसवा, उजेड दारातून घ्या. बाहेर काढायचे तर शनिवारची सकाळची शाळा गाठा. दहानंतर आमच्याकडचं ऊन डोळ्यांखाली काळं फासतं.

खरा प्रश्न 'कधी'चा. कॅमेरेवाले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, हवा बरी म्हणून. तेव्हा येऊ नका.

मी मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचा, 1991 साली चौथीत. सोलापूरहून फोटोवाला एसटीनं यायचा, गळ्यात यशिका कॅमेरा. रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे "हलू नका रे" असं ओरडायचा की पहिलीतली पोरं रडायला लागायची. पुढच्या पोराच्या मांडीवर पाटी, तिच्यावर खडूनं 'इयत्ता चौथी'. आमच्या वर्गाचा निघाला फेब्रुवारीत. मी तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोल्हापूरकडं उसाच्या फडात होतो, धाकटीला सांभाळत आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत. वडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे तोडणी मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. दिवाळीनंतर गाव सोडलं ते पाडव्यालाच परत.

आल्यावर आईनं पैसे मोजून गुरुजींकडून ती कॉपी आणली. म्हटलं, मी कुठंय ह्यात? म्हणाली, "वर्ग तुजाच हाय की."

चुलतभाऊ दुसऱ्या रांगेत, छाती काढून. लग्नकार्यात आजही चारचौघांत सुनावतो, "तू शाळेत होतास कुठं? फोटो बघ." पटावर माझं नाव होतं राव! मी परीक्षाही दिली, पासही झालो. तोच फोटो जुलैत काढला असता तर काय बिघडलं असतं? सगळा वर्ग हजर, गणवेश नवा. पण निरोपाचा फोटो म्हणे वर्षाच्या शेवटीच काढायचा असतो.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये या. हंगामातच यायचं असेल तर फोटोखाली पटावरची सगळी नावं लिहा, गैरहजर पोरांचीही. (आता काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं निघालीत, थोडी पोरं मागं राहतात, हे खरं. आणि माळशिरस-पंढरपूरकडं उलटा प्रकार, तिथल्या फडांत बाहेरची पोरं येतात.) फोटो कुठं छापणार असाल तर आईबापांना विचारा, नुसत्या मुख्याध्यापकांच्या होकारावर जाऊ नका. आणि प्रिंट द्या. फोटोत नसलेल्यालाही.