लहानपणी गाडीत जसं निर्धास्त वाटायचं, तसं माझ्या चार वर्षांच्या मुलीला वाटावं म्हणून काय करू?

रात्रीचा प्रवास, आई-बाबा पुढे बोलत बसलेले आणि आपण मागच्या सीटवर आडवे, ही आठवण तुम्ही लिहिलीत. तिच्यात दोन गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या करा. निर्धास्त वाटणं खरं होतं, सुरक्षितता मात्र नव्हती. आडव्या झोपलेल्या मुलाला अचानक ब्रेक लागल्यावर धरून ठेवणारं काहीच नसतं. मांडीवर घेणंही उपयोगाचं नाही. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे 140 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तेवढा कुणाच्याच हातात नसतो.

म्हणून सुरुवात चाइल्ड सीटपासून. चार वर्षांच्या मुलीला आतले पाच पट्टे असलेली सीट हवी, नुसता बूस्टर (गाडीचाच बेल्ट मुलाला नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक) इतक्यात नको. मागे तोंड करून बसवायची तिच्या सीटची वजन-उंचीची मर्यादा अजून संपली नसेल, तर खुशाल तसंच बसवा. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, उलट्या सीटमध्ये धक्का पूर्ण पाठीवर पसरतो. पुढे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत आणि सीटचा वरचा पट्टाही गाडीतल्या हुकाला अडकवलेला असावा.

सगळ्यात जास्त चुका ढिलाईच्या होतात. पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी पट्टा उभा चिमटीत धरून बघा. घडी हातात आली तर अजून आवळायला हवा. गाडीचा बेल्ट किंवा आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायची सोय) जिथे असतं, तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. जाड जाकीट घालून पट्टे लावू नका. धडकेत जाकीट दबतं आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल निघतो. आधी पट्टे, मग वरून जाकीट किंवा पांघरूण.

पुढे बूस्टरवर आली की खालचा बेल्ट पोटावर नाही, मांड्यांच्या वरच्या टोकाला, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावरच्या बेल्टने आतड्यांना आणि मणक्याला इजा होते. वरचा बेल्ट मान आणि खांदा यांच्या मधोमध; टोचतो म्हणून काखेखालून घ्यायची सवय लागू देऊ नका. साधारण 145 सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतोच.

आता त्या निर्धास्तीकडे. इंजिनाची एकसुरी घरघर आणि हलके झोके यांनी झोप येते, हे फक्त मुलांपुरतं नाही. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की संथ झुलणाऱ्या पलंगावर मोठ्या माणसांनाही गाढ झोप लागते. पण माझ्या मते खरा आधार पुढून येणाऱ्या आवाजांचा असतो. मुलं शब्दांपेक्षा सूर आधी पकडतात. त्यामुळे वाद गाडीत नकोत, ब्रेक लांबून आणि हळूहळू दाबा, फोन बाजूला ठेवा. पट्टा लावताना रोज तेच एखादं वाक्य म्हणा, मुलांना ठरलेल्या गोष्टींचा फार आधार वाटतो.

मळमळ होत असेल तर निर्धास्त कसलं वाटणार! पुस्तक किंवा स्क्रीन पाहताना डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. तिची सीट पुढे तोंड केलेली असेल तर समोरच्या काचेतून लांबचं दिसेल असं बसवा, खिडकी थोडी उघडा, आणि चित्रांऐवजी ऐकायच्या गोष्टी लावा.

वाटेत तिने पट्टा सोडला तर ओरडू नका. सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, शांतपणे पट्टा लावा आणि क्लिक ऐकू आल्यावरच निघा. तिला लहर आली तर तीनदा थांबावं लागेल, तरी दरवेळी तसंच करा.