अमेरिकेत स्थानिक परिवहन मंडळाच्या निवडणुकीला 'पैशाचा हिशेब द्या' या मुद्द्यावर उभं राहता येतं का? काय तयारी लागते?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं ईस्ट बेमध्ये (सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्वेला) राहताय, गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, रोज बार्टनं (इथल्या लोकल रेल्वेनं) सॅन फ्रान्सिस्कोला कामाला जाता, आणि 'एवढा कर भरूनही यांची पैशाची ओरड संपत कशी नाही' हे एकदा आत जाऊन बघावं असं वाटतंय. येतं की उभं राहता. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) इथल्याच एका परिवहन मंडळासाठी नेमक्या याच मुद्द्यावर उभे राहिले होते आणि मी त्यांची खजिनदार होते. मंडळाचं नाव सांगत नाही, दादांना आवडणार नाही. दादा पडले. थोडक्यात नाही, चांगलेच पडले. त्यामुळे हे उत्तर पडलेल्या बाजूचं आहे असं समजून वाचा. आकडे मात्र बार्टचे देते, कारण तुमचा प्रश्न त्याबद्दल आहे आणि ते सगळे जाहीर आहेत.

आधी एक साधी गोष्ट तपासा: तुमच्या पत्त्याला निवडून द्यायचं मंडळ आहे का? बार्टच्या मंडळावर नऊ जागा आहेत, 1974 पासून थेट निवडणुकीनं भरतात, मुदत चार वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण निम्म्या जागा, पक्षाचं चिन्ह नाही. पण या नऊ जागा अलामेडा, काँट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को या तीनच काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) आहेत. 2020 पासून गाडी सॅन होजेच्या बेरीएसापर्यंत जाते, तरी सँटा क्लारा काउंटीला बार्टच्या मंडळावर जागा नाही. तिथल्या व्हीटीए या परिवहन संस्थेचं मंडळ नगरसेवक आणि काउंटीचे सुपरवायझर (काउंटीचा कारभार पाहणारे लोकप्रतिनिधी) मिळून बनतं, सामान्य माणूस तिथे थेट उभा राहू शकत नाही. म्हणजे घर मिलपिटासला असेल तर विषय संपला. ईस्ट बेमध्ये एसी ट्रान्झिट या बससेवेचंही सात जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे. तिकडे स्पर्धा थोडी कमी असते असं माझं मत.

(पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हे सगळं नवलाचं वाटतं. बेस्ट समितीवर महापालिका माणसं नेमते, पीएमपीएमएलला तर कारभारी बहुतेक अधिकारीच. बसच्या खात्यासाठी आपण स्वतः मत देतोय ही कल्पनाच आपल्याकडे नाही.)

कागदपत्रं किचकट नाहीत, फक्त वेळेवर लागतात. पहिला डॉलर घ्यायच्या आधी फॉर्म 501 भरायचा, म्हणजे 'मी उभा राहतोय' असं लेखी सांगायचं. दोन हजार डॉलर जमले की समिती नोंदवायची, तो फॉर्म 410. मग ठरलेल्या तारखांना फॉर्म 460, ज्यात शंभर किंवा जास्त देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो कुठे काम करतो हे लिहावं लागतं. उमेदवारी अर्ज काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत घेतात. सध्याचा सदस्य उभा राहत नसेल तर आणखी पाच दिवस मिळतात, आणि त्या पाच दिवसांत कोणकोण उगवतं ते पाहण्यासारखं असतं.

मतपत्रिकेवर नावाखाली तीन शब्दांत तुमचा व्यवसाय येतो. बहुतेक मतदार या निवडणुकीबद्दल तेवढंच वाचतात. दादांना तिथे 'वित्ततज्ज्ञ' अशा अर्थाचं काहीतरी हवं होतं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, 'तज्ज्ञ' चालत नाही, स्वतःची स्तुती करणारे शब्द नियमात बसत नाहीत. शेवटी 'अकाउंटंट' वर भागवलं. माहितीपुस्तिकेत दोनशे शब्दांचं निवेदन छापता येतं. त्यात दुसऱ्या उमेदवाराचा उल्लेख करता येत नाही, पक्षाचं नाव घेता येत नाही, आणि छपाईचा खर्च तुमचा. मोठ्या काउंटीत तो हजारांत जातो. दादांचा निम्मा निधी त्यातच गेला, आणि तो खर्च योग्यच होता असं मला अजून वाटतं.

आता आपल्या लोकांविषयी, कारण इथेच आमची फजिती झाली. दादांना वाटलं होतं, वीस वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत राबलोय, लोक देतील. लोक द्यायला तयार होतेच. पण त्यातले निम्मे एच-वन-बीवर! परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी बसच्या मंडळाच्यासुद्धा, पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. मी आलेले सहा-सात चेक परत केले आणि प्रत्येक घरी तोच खुलासा केला. एका काकांनी दिवाळी फराळाला शंभराच्या दोन नोटा माझ्या हातात कोंबल्या, 'पावती नको गं.' शंभर किंवा जास्त रोख रक्कम घ्यायला मनाई आहे. त्या नोटा परत करताना काका जे रागावले ते निकालापर्यंत बोलले नाहीत. आणि महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावरून प्रचार करू नका. ती धर्मादाय संस्था असते, तिनं उमेदवाराला पाठिंबा दिला तर तिचीच करसवलत धोक्यात येते. व्हिसावरचे मित्र विनामोबदला पत्रकं वाटू शकतात, फोन करू शकतात. आमची सगळी धावपळ त्यांनीच केली.

इथवरचं कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते पुढे.

'हिशेब द्या' हे वाक्य दारात उभं राहून म्हटलं की समोरचा लगेच मान डोलावतो, आणि मग स्वतःच्या मनातला हिशेब मांडतो. एका निवृत्त बाईंनी घरपट्टीचं बिलच आणून दाखवलं, म्हणाल्या, 'हे बाँडचे पैसे गेले कुठे? घेतले ना आमच्याकडून? मग तोटा कसा?' दादा दहा मिनिटं बोलले. बाईंना पटलं नाही. खरं तर तेव्हा दादांनाही पुरतं कळलेलं नव्हतं.

तुम्हालाही हाच प्रश्न पहिला येईल. बार्टपुरतं उत्तर असं आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी मेजर आरआर (मतपत्रिकेवर आलेला प्रस्ताव) मंजूर केलं, 350 कोटी डॉलरचे बाँड, घरपट्टीतून फेडायचे. कायद्यानं तो पैसा स्थावर कामांनाच लावता येतो: रूळ, बोगदे, वीजपुरवठा, सिग्नल. त्यातून ड्रायव्हरचा पगार देता येत नाही, विजेचं बिल भरता येत नाही, डबेसुद्धा घेता येत नाहीत. रोजची गाडी चालते ती वेगळ्या खिशातून: तिकीट, पार्किंग, आणि तिन्ही काउंटींतल्या अर्धा टक्का विक्रीकराचा तीन चतुर्थांश हिस्सा. एक खिसा भरलेला आणि दुसरा फाटका, असं एकाच वेळी असू शकतं. मतदाराला ही लबाडी वाटते. लबाडी नाही, पण त्याला ती तशी का वाटते हे समजल्याशिवाय त्याच्या दारात जाऊ नका.

दुसरी गोष्ट मला स्वतःला बोचणारी, कारण मी आयुष्यभर जमाखर्चच लिहीत आले. 2020 च्या आधी बार्ट हे हिशेबाच्या दृष्टीनं अमेरिकेतलं कौतुकाचं उदाहरण होतं. गाड्या चालवण्याचा जवळपास दोन तृतीयांश खर्च प्रवाशांच्या तिकिटातून आणि पार्किंगमधून निघायचा. स्वतःच्या पायावर उभं, सरकारी मदतीवर कमी अवलंबून, म्हणजे आपण ज्याला शहाणा संसार म्हणतो तसं. मग महामारी आली, एप्रिल 2020 मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त प्रवासी गायब झाले आणि नंतर ऑफिसवाले घरूनच काम करत राहिले. पूर्वी कामाच्या दिवशी चार लाखांच्या आसपास फेऱ्या व्हायच्या, आता त्याच्या निम्म्याही नाहीत. जी यंत्रणा तिकिटावर सर्वांत जास्त जगत होती तीच सर्वांत जोरात आपटली. केंद्राची आणि राज्याची तातडीची मदत संपली की वर्षाला 35 ते 40 कोटी डॉलरची तूट, असा त्यांचाच अंदाज आहे. बेस्टचं थोडं असंच झालं. विजेच्या नफ्यावर बस चालायची, तो आधार गेला आणि तोटा उघडा पडला.

त्यामुळे 'उधळपट्टी थांबवली की तूट भरून निघेल' असं पत्रकावर छापू नका. दादांनी छापलं होतं. एका जाहीर चर्चेत समोरच्या उमेदवारानं एवढंच विचारलं, 'कुठल्या खात्यातून, किती?' दादांनी ओव्हरटाइम, सल्लागारांची बिलं, अधिकाऱ्यांचे प्रवास अशी यादी वाचली. त्यानं बेरीज केली. तुटीच्या दहाव्या भागाइतकीही ती होत नव्हती. सभागृहात कोणी हसलं नाही, पण त्या रात्री गाडीत दादा काहीच बोलले नाहीत.

गाड्या कमी करा हा दुसरा सोपा उपाय. पण बोगद्यात पाणी उपसायला, रूळ तपासायला, स्टेशनवर पोलीस ठेवायला गाडी दर दहा मिनिटांनी असो की तासानं, खर्च जवळपास तोच. गाड्या निम्म्या केल्या म्हणून खर्च निम्मा होत नाही, प्रवासी मात्र निम्म्याहून जास्त जातात.

काही खर्च तर आपल्या जन्माआधी ठरलेत. बार्टच्या रुळांमधलं अंतर 1,676 मिलीमीटर, म्हणजे आपल्या मुंबई लोकलचंच. भारतातून आलेल्याला ऐकून बरं वाटतं, पण अमेरिकेत हे माप नेहमीचं नाही, त्यामुळे बाजारात तयार डबा मिळत नाही, वेगळा बांधून घ्यावा लागतो. साठच्या दशकातल्या या निर्णयाची किंमत अजून मोजली जातेय. 2018 मध्ये अँटिऑकपर्यंत जो फाटा नेला त्यावर साध्या मापाचे रूळ आणि डिझेल गाड्या टाकल्या, तिथे गाडी बदलावी लागते ती त्यामुळेच. तुम्ही मंडळावर गेलात तरी यातलं काहीही बदलणार नाही.

मग काय बदलतं? मंडळाच्या हातात अंदाजपत्रक, मोठी कंत्राटं, भाडं, महाव्यवस्थापकाची नेमणूक आणि कामगार करार हे असतं. फेअर गेटचं उदाहरण घ्या. सगळ्या 50 स्टेशनांवर 9 कोटी डॉलर खर्चून नवे उंच दरवाजे बसवले, 2025 मध्ये काम पूर्ण झालं. हा प्रश्न उमेदवारानं धरून ठेवण्यासारखा आहे: आधी किती फुकटे जायचे, आता किती जातात, आणि गेट दुरुस्त ठेवायला वर्षाला काय लागतं? मोजता येणारं एकच काहीतरी धरा आणि ते मतदाराला रोज दिसणारं असू द्या.

आणि महानिरीक्षकांचे, म्हणजे कारभारावर स्वतंत्र नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचे, अहवाल वाचा, सगळे. 2018 मध्ये पुलांचा टोल वाढवणारं रीजनल मेजर 3 मंजूर झालं, त्यातून बार्टसाठी हे स्वतंत्र पद आलं. 2022 मध्ये अलामेडा काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीनं (स्थानिक कारभाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या समितीनं) त्या कार्यालयाच्या कामात मंडळ आणि व्यवस्थापन अडथळे आणतात असा ठपका ठेवला, आणि पहिल्या महानिरीक्षकांनी 2023 मध्ये मुदत संपायच्या आधी पद सोडलं. हिशेबाच्या मुद्द्यावर उभं राहणाऱ्याला यापेक्षा सरळ प्रश्न मिळणार नाही: त्या कार्यालयाला पैसा आणि मोकळीक किती देणार? दादांच्या मंडळाला असा कोणी निरीक्षकच नव्हता, आणि तो नेमा अशी मागणी करायला हवी होती हे आम्हाला निकालानंतर सुचलं.

कामगार संघटनांचा विषय टाळता येणार नाही. पगार आणि पेन्शन हा सर्वांत मोठा खर्च, आणि ज्या संघटनांशी मंडळ करार करतं त्याच संघटना निवडणुकीत पाठिंबा देतात. मला ही व्यवस्था पटत नाही. पण 2013 मध्ये बार्टचे दोन संप झाले तेव्हा अख्खा बे एरिया अडकला होता, तेही विसरू नका. त्यांच्याकडे मुलाखतीला जा, पाठिंबा मिळणार नाही हे माहीत असलं तरी जा. दादा गेले नाहीत. 'मी पगार कापणार नाही, पण ओव्हरटाइमचे आकडे दर महिन्याला जाहीर मागणार' एवढं ते सहज म्हणू शकले असते.

आत्ता लगेच काय करायचं तर मंडळाच्या बैठकींना जाऊन बसा. कॅलिफोर्नियात ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावीच लागते आणि कोणालाही बोलता येतं, बहुधा दोन-तीन मिनिटं. कंत्राटाचे कागद सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागा, त्यांना दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, निदान देणार की नाही ते तरी सांगावं लागतं. सहा महिने हे केलंत तर बहुतेक उमेदवारांपेक्षा तुम्हाला जास्त माहिती असेल. ऑक्टोबर 2025 मध्ये एसबी 63 या राज्याच्या कायद्यावर सही झाली आणि वाहतुकीसाठी नवा विक्रीकर नोव्हेंबर 2026 च्या मतपत्रिकेवर आणायची वाट मोकळी झाली. तुम्ही त्या कराच्या बाजूच्या की विरुद्ध, हे प्रत्येक दारात विचारतील. आधी ठरवून ठेवा आणि मग बदलू नका.

खर्चाबद्दल एक शेवटचं: निवडणूक संपली म्हणून समिती आपोआप बंद होत नाही. खात्यात काही न ठेवता शेवटचा 460 आणि 'बंद' अशी खूण केलेला 410 द्यावा लागतो, नाहीतर राज्याला दरवर्षीचे 50 डॉलर भरत बसावं लागतं. आमच्या खात्यात शेवटी 38 डॉलर उरले होते. ते कुणाला परत द्यायचे यावर दादांनी आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.