एकक बदलताना गुणायचं की भागायचं, हे दर वेळी कसं ओळखायचं?

अकरावी सायन्सला आहेस, किमी/तासाचं मी/से करायला ५/१८ पाठ आहे, पण त्यापलीकडचं काही आलं की गुणायचं तिथे भागतोस. आणि डायमेन्शनल ॲनालिसिसने, म्हणजे राशीच्या मिती आणि एककं बघून हिशेब करण्याने, हे सुटतं असं कुणीतरी सांगितलंय, तर ते कसं, असा तुझा प्रश्न. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे उदाहरणं बरीचशी पाण्याचीच येतील. आणि वयाने तू माझ्या मुलांपेक्षा लहान असणार, म्हणून अरे-तुरे करतोय.

गुणायचं की भागायचं हा निर्णय तू घेऊच नकोस. तो एककांवर सोड. तुझं काम एवढंच, की प्रत्येक आकड्याला चिकटून त्याचं एकक लिहायचं आणि त्या एककाला बीजगणितातल्या क्ष-सारखं वागवायचं. वर एक आणि खाली एक असेल तर काट मारायची. तुला येत असलेल्या गणितापासूनच सुरुवात करू:

७२ किमी/तास × (१००० मी / १ किमी) × (१ तास / ३६०० से) = २० मी/से

किमी कटले, तास कटले, उरले मी/से. तुझे ते ५/१८ म्हणजे १०००/३६००, दुसरं काही नाही.

हे का चालतं, तर १००० मी आणि १ किमी ही एकच लांबी आहे, म्हणून कंसातल्या अपूर्णांकाची किंमत १ आहे. कशालाही १ ने गुणलं तरी ते तेवढंच राहतं. तोच अपूर्णांक उलटा करून (१ किमी / १००० मी) लिहिला तरी त्याचीही किंमत १ च. दोन्ही खरे आहेत. मग घ्यायचा कुठला? ज्याने नको असलेलं एकक कटेल तो. समजा उलटा लावलास, तर शेवटी 'किमी वर्ग भागिले मीटर-सेकंद' असलं काहीतरी विचित्र उरेल आणि चूक तिथल्या तिथे दिसेल. नुसता आकडा चुकला असेल तर तो आपण होऊन कधी सांगत नाही. ०.००००२ आणि २० हे दोन्ही कॅल्क्युलेटरवर सारखेच निर्विकार दिसतात.

आता जरा मोठी साखळी. पावसाळ्यात बातमी असते की अमुक धरणातून २०,००० क्युसेकने विसर्ग सुरू. आणि त्याच बातमीत साठा टीएमसीत दिलेला असतो. क्युसेक म्हणजे घनफूट प्रति सेकंद, टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, अर्थात १०० कोटी घनफूट. एक वेग आहे, दुसरा साठा. हे दोन जोडायचे तर मध्ये काळ यायलाच हवा, हे एककांकडे बघूनच कळतं. 'आज धरणात इतके क्युसेक पाणी जमा झालं' असं वाक्य वाचलं की ते लिहिणाऱ्याने खालचा 'प्रति सेकंद' पाहिलेलाच नाही हे समजावं. दिवसभरात किती पाणी गेलं?

२०,००० घनफूट/से × (३६०० से / १ तास) × (२४ तास / १ दिवस) × (१ टीएमसी / १०० कोटी घनफूट) = १.७२८ टीएमसी/दिवस

पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा साधारण १.९७ टीएमसी आहे. म्हणजे याच वेगाने दिवसभर पाणी सोडलं तर जवळजवळ अख्खं खडकवासला रिकामं होईल. तसं होत नाही, कारण वरून पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी त्यात येत असतं. कोयनेच्या १०५ टीएमसीला मात्र या विसर्गाने दोन महिने लागतील. एवढा अंदाज चार अपूर्णांक ओळीने मांडून निघतो, कुठलंही सूत्र लागत नाही.

खरी माती खातात ती मुलं घाताला. आमच्या खात्यात टीएमसीबरोबर दलघमीही चालतो, म्हणजे दशलक्ष घनमीटर. १ फूट = ०.३०४८ मीटर, हे अगदी नेमकं आहे. आता घनफुटाचं घनमीटर करायचं तर पुष्कळ जण एकदाच ०.३०४८ ने गुणून मोकळे होतात. एककं लिहिली असती तर दिसलं असतं, की 'फूट × फूट × फूट' यातला एकच फूट कटला, दोन तसेच उभे आहेत. अपूर्णांक तीनदा लावावा लागतो:

१ घनफूट × (०.३०४८ मी / १ फूट) × (०.३०४८ मी / १ फूट) × (०.३०४८ मी / १ फूट) = ०.०२८३२ घनमीटर

म्हणून १ टीएमसी = २८.३२ दलघमी, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर. एकदाच गुणणाऱ्याचं उत्तर ३०४.८ दलघमी येतं, बरोबर १०.७६ पट जास्त. हा १०.७६ ओळखीचा वाटला का? एका चौरस मीटरमध्ये तेवढेच चौरस फूट असतात. न कटलेले दोन फूट उत्तरात तसेच बसून राहिलेले आहेत ते असे.

पावसाचं गणित याहून सोपं आणि मला फार आवडणारं. पाऊस मिलिमीटरमध्ये का सांगतात असं मुलं विचारतात. एका हेक्टरवर १०० मिमी पाऊस पडला तर ०.१ मी × १०,००० चौमी = १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. लांबी गुणिले क्षेत्रफळ म्हणजे घनफळ, एवढंच.

एककं गाळली की काय होतं याचं माझं ठरलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन. तेव्हा तिथे मेट्रिक पद्धत नुकती येत होती आणि या विमानाचं इंधन किलोग्रॅममध्ये मोजायचं होतं. इंधनाचे मीटर बंद पडलेले, म्हणून टाकीतलं इंधन काठीने मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला कागदावर एक आकडा होता, १.७७. त्यापुढे एकक नव्हतं. तो खरं तर पौंड प्रति लिटर होता; जुन्या विमानांना तोच लागायचा. मग हिशेब असा झाला: ७,६८२ × १.७७ = १३,५९७, ते २२,३०० मधून वजा केले, उरले ८,७०३, त्याला १.७७ ने भागून ४,९१७ लिटर इंधन भरलं.

आता हाच हिशेब एककं लावून कर. लिटर × (पौंड / लिटर) = पौंड. म्हणजे पुढच्या पायरीला २२,३०० किलोमधून १३,५९७ पौंड वजा करायची वेळ येते, आणि पेन आपोआप थांबतं. किलोतून पौंड वजा होत नाहीत. खरा आकडा होता सुमारे ०.८०३ किलो/लिटर. त्याने टाकीत फक्त ६,१६९ किलो इंधन निघतं आणि आणखी २०,०८८ लिटर भरायला हवं होतं. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं, साधारण ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ एक बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता. त्यांनी ते मॅनिटोबातल्या गिमली इथे, हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. या हिशेबात गुणाकार, वजाबाकी, भागाकार तिन्ही अचूक आहेत, हे मुद्दाम पडताळून बघ. कॅल्क्युलेटर दिला असता तरी काही फरक पडला नसता.

आता तुझ्या पुस्तकाकडे येऊ. पहिल्याच धड्यात मितींचं सूत्र आहे, त्यात एम, एल, टी (वस्तुमान, लांबी, काळ) यांचे घात घालून एका पद्धतीतून दुसरीत जायचं. मुलं ते सूत्र पाठ करतात आणि कुठलं एकक वर, कुठलं खाली यात पुन्हा अडकतात, म्हणजे तुझी अडचण तशीच राहते. ते सूत्र म्हणजे आपली साखळीच आहे, फक्त आवळून लिहिलेली. मितींचं खरं काम एवढंच, की कुठला अपूर्णांक किती वेळा लावायचा हे त्या सांगतात. ऊर्जेच्या मिती म्हणजे वस्तुमान एकदा, लांबी दोनदा, आणि काळ दोनदा पण खाली. म्हणून जूलचे अर्ग (ग्रॅम-सेंटिमीटर-सेकंद पद्धतीतलं ऊर्जेचं एकक) करताना:

१ किग्रॅ मी²/से² × (१००० ग्रॅ / १ किग्रॅ) × (१०० सेंमी / १ मी)² = १,००,००,००० ग्रॅ सेंमी²/से²

म्हणजे एक कोटी अर्ग. परीक्षेत थोडं वाकडं विचारतात: वस्तुमानाचं एकक १०० ग्रॅम, लांबीचं १ मीटर, काळाचं १ मिनिट, तर एक जूल म्हणजे नवी किती एककं? किलोत १०० ग्रॅमची १० एककं, लांबी तीच, आणि काळ खाली दोनदा आहे म्हणून (६० से / १ मिनिट) चा वर्ग, ३,६००. उत्तर ३६,०००. इथे मुलं ३,६०० ने भागतात, कारण 'मिनिट मोठं ना, मग भागायचं' असं डोक्यात असतं. सेकंद कुठे लिहिलाय ते बघितलं तर प्रश्नच येत नाही: तो खाली आहे, म्हणून त्याला काटायला अपूर्णांकात सेकंद वर हवा. शेवटी एक नजर टाकायची. नवं एकक जूलपेक्षा खूप लहान आहे, मग आकडा मोठाच यायला हवा. आला.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही माहीत असू दे. सेल्सिअसचं फॅरनहाइट नुसत्या गुणाकाराने होत नाही, कारण दोन्हींची शून्यं वेगळ्या जागी आहेत. ३७ चे ९८.६ करायला १.८ ने गुणून वर ३२ मिळवावे लागतात. तापमानातला फरक मात्र १.८ ने गुणून चालतो. गतिज ऊर्जेतला तो अर्धा मितींना दिसत नाही, त्यामुळे सूत्रात तो गाळलास तरी मिती जुळतीलच. आघूर्ण (टॉर्क) आणि ऊर्जा दोघांचंही एकक न्यूटन-मीटर, पण त्या दोन वेगळ्या राशी आहेत. रेडियनला मितीच नाही, म्हणून तो मध्येच गळून पडतो आणि मुलांचा २π राहून जातो. यावर माझा उपाय म्हणजे 'फेरी' हे एकक हट्टाने लिहायचं. विहिरीवरच्या पंपाची मोटर १४४० फेऱ्या/मिनिट असेल तर:

१४४० फेऱ्या/मिनिट × (१ मिनिट / ६० से) × (२π रेडियन / १ फेरी) = सुमारे १५१ रेडियन/से

त्याच पंपाच्या पाटीवर ५ एचपी लिहिलंय आणि तो पूर्ण भारावर आठ तास चालला, तर ५ एचपी × (०.७४६ किलोवॉट / १ एचपी) × ८ तास = २९.८४ किलोवॉट-तास, म्हणजे बिलावरचे जवळपास ३० युनिट. मोटरची कार्यक्षमता धरली तर त्याहून जास्त, पण ते बारावीनंतर.

सवय कशी लावायची, तर सुरुवातीला उजव्या टोकाला हवं असलेलं एकक लिहून ठेव, डाव्या टोकाला दिलेली राशी, आणि मधली जागा अपूर्णांकांनी भरत जा. आकडेमोड अगदी शेवटी, सगळ्या काटा मारून झाल्यावर. क्लासचे सर म्हणतील यात वेळ जातो. पहिला महिनाभर जातो, हे खरं. पण सीईटीला चारपैकी दोन पर्याय नुसती एककं बघून बाद होतात तेव्हा तो वेळ परत मिळतो. आणि साखळी आडवी एका ओळीत लिही. पायरीगणिक आकडा काढून पुढे नेलास की एकक हमखास मागे राहतं.

एक गणित देऊन ठेवतो. घराचा स्लॅब ६०० चौरस फूट, जाडी ५ इंच. काँक्रीट किती ब्रास लागेल, आणि किती घनमीटर? १ ब्रास = १०० घनफूट. जरा जपून, कारण गवंडी प्लास्टरचं क्षेत्रफळही ब्रासमध्येच सांगतो, तिथे १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. प्रश्नात कुठला ब्रास आहे हे आधी ठरव. उत्तरं २.५ ब्रास आणि साधारण ७.०८ घनमीटर. तुझं ३० ब्रास आलं तर इंच आणि फूट कुठे भेटले ते शोध, २५० वर थांबलास तर ते अजून घनफूटच आहेत. साखळी इथे लिहून पाठव, बघतो.