‘सेग्रिगेशन’ला ‘विलगीकरण’ म्हणावं का?

प्रश्न असा: अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या क्लॅरंडन परगण्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध जो खटला झाला, त्यावर एकांकिका लिहिताना ‘सेग्रिगेशन’ला ‘विलगीकरण’ आणि ‘सेपरेट बट ईक्वल’ला ‘वेगळे पण समान’ चालेल का?

‘विलगीकरण’ नकोच. करोनानंतर तो शब्द ऐकला की खाट, मास्क आणि चौदा दिवस आठवतात. त्यात काळजी आहे, मुदतही आहे. ‘पृथक्करण’ प्रयोगशाळेत गेलं, ‘विभाजन’ देशाचं होतं. ‘वर्णभेद’ खोटा नाही, पण फार ऐसपैस. तो नोकरीत असतो, मतदानात असतो. इथे वकील त्यातली एकच गोष्ट कोर्टापुढे ठेवतोय.

माझं मत साध्या ‘वेगळं ठेवणं’ला. क्रियापद आलं की ‘कोणी ठेवलं?’ हेही विचारावं लागतं. वकिलाच्या तोंडी नामच हवं असेल तर ‘सक्तीची विभक्तता’ म्हणा, पण ‘सक्तीची’ गाळू नका. दक्षिण कॅरोलिनात वेगळ्या शाळा राज्याच्या घटनेनंच बंधनकारक केल्या होत्या.

‘वेगळं बसवणं’ मात्र जपून वापरा. मराठी प्रेक्षकाला त्यातून थेट साताऱ्याच्या शाळेतले लहानगे आंबेडकर दिसतील. अमेरिकेतही तसं घडलं होतं: ओक्लाहोमा विद्यापीठानं जॉर्ज मॅक्लॉरिन या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गात, ग्रंथालयात, खानावळीत त्यांची जागा निराळी. १९५० साली सुप्रीम कोर्टानं ते मोडीत काढलं. तुमच्या एकांकिकेतल्या क्लॅरंडन परगण्यात मात्र मुलांची शाळाच निराळी होती.

आता ‘समान’. ‘समान नागरी कायदा’ म्हणताना आपल्याला ‘एकसारखा’ अभिप्रेत असतो, म्हणून ‘वेगळे पण समान’ कानाला कोड्यासारखं लागतं. १८९६च्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टानं ‘सेपरेट बट ईक्वल’ मान्य केल्यापासून चाललेला दावा दर्जाचा होता. तेव्हा ‘वेगळं, पण बरोबरीचं’. याचा नाट्यालाही फायदा आहे. क्लॅरंडनची लढाई सुरू झाली ती शाळेच्या बसवरून. गोऱ्या मुलांना बस होत्या, काळ्यांना एकही नव्हती. म्हणजे आधी मागितली ती बरोबरीच. पुढे न्यायाधीश वेरिंग यांनी सुचवल्यावर काळ्या पालकांचे वकील थर्गुड मार्शल यांनी थेट वेगळेपणालाच हात घातला. १९५१ साली तिघांपैकी दोन न्यायाधीश पालकांच्या विरुद्ध गेले. एकट्या वेरिंग यांनी भिन्नमत लिहिलं. त्याचं सार ‘वेगळं ठेवणं हीच असमानता’ असं सहज मराठीत येतं.

प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. तिथल्या १७ मे १९५४च्या एकमुखी निकालात सरन्यायाधीश वॉरन ‘इन्हेरंटली’ हा शब्द वापरतात. त्याला ‘अंगभूतपणे’ केलंत तर नट अडखळेल. ‘वेगळ्या शैक्षणिक सोयी मुळातच असमान असतात’ एवढं पुरे.

शाळांतला हा वेगळेपणा कधी संपवायचा, याबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या १९५५च्या आदेशातलं ‘विथ ऑल डेलिबरेट स्पीड’ही येणार असेल तर ‘लवकरात लवकर’ लिहून ते गुळगुळीत करू नका. सरकारी मराठीतलं ‘यथावकाश’ मोहात पाडेल, पण त्यात घाई औषधालाही नाही. ‘विचारपूर्वक त्वरेने’ ठेवा, थोडं अवघडलेलं वाटलं तरी. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या ‘विचारपूर्वक’च्या आडूनच वर्षानुवर्षं चालढकल केली.