ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नसलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणते आणि त्यांचे अर्थ काय?

तुम्ही विचारले आहे की ज्यांत ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काहीच नाही, पण वाय आहे, असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणते, त्यांचे अर्थ काय आणि ते लक्षात कसे ठेवावेत. शब्दकोडी सोडवता सोडवता मला या शब्दांची ओढ लागली, आणि माझा अनुभव असा की नुसती यादी पाठ केली तर ती आठवड्याभरात विसरली जाते. शब्दाचे मूळ कळले तर मात्र स्पेलिंग मनात पक्के बसते.

येथे अक्षर म्हणजे इंग्रजी लिपीतील एक चिन्ह असे धरावे, कारण मराठीत 'क्रिप्ट' लिहिताना आपण 'क्रि' आणि 'प्ट' एवढेच लिहितो, इंग्रजीत मात्र सी, आर, वाय, पी, टी अशी पाच चिन्हे लागतात. मराठी लेखनात 'क्रि'मधला ऱ्हस्व इकार डोळ्यांना दिसतो. म्हणजे या शब्दांत स्वर नसतो असे नाही. स्वराचा उच्चार असतोच, फक्त ते काम वाय करतो.

वाय शब्दाच्या मध्यभागी स्वर म्हणून बसलेला दिसला की तो शब्द बहुधा ग्रीकमधून आलेला असतो. रोमन लोकांनी ग्रीक शब्द लिहिण्यासाठी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वाय आणि झेड ही अक्षरे आपल्या वर्णमालेच्या शेवटी जोडली, आणि ती आजही तेथेच आहेत. फ्रेंच भाषेत तर वायचे नावच 'ईग्रेक', म्हणजे ग्रीक आय, असे आहे.

क्रिप्ट म्हणजे चर्चखालचे तळघर, जेथे पूर्वी मृतांना पुरत असत. ग्रीकमध्ये 'क्रिप्टॉस' म्हणजे लपवलेले. क्रिप्टोग्राफी म्हणजे गूढलेखन, हा शब्दही त्याच मुळाचा. ग्लिफ म्हणजे कोरलेले चिन्ह, आणि त्यावरून हायरोग्लिफ म्हणजे पवित्र कोरीव लेखन. निम्फ म्हणजे ग्रीक पुराणातील वनदेवता किंवा जलदेवता. मूळ ग्रीक अर्थ वधू. लिम्फ म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव. लॅटिनमध्ये याचा अर्थ स्वच्छ पाणी असा होता आणि त्याच्या स्पेलिंगवर निम्फची छाया पडली. सिल्फ म्हणजे वायूत राहणारी काल्पनिक योनी. हा शब्द सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने वापरात आणला. या पाचांपैकी क्रिप्ट सोडून बाकी चौघांच्या शेवटी पी-एच येते, एवढे लक्षात ठेवले तरी चार शब्द एकदम हाती लागतात.

मर म्हणजे हिराबोळ, हा सुगंधी डिंक. स्पेलिंग एम, वाय, आर, आर, एच. बाल येशूला सोने आणि धूप यांच्यासोबत भेट दिलेला पदार्थ तो हाच. पिग्मी म्हणजे खुजा. ग्रीक 'पिग्मे' म्हणजे मूठ, आणि कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतचे अंतर. जिप्सी हा 'इजिप्शियन' या शब्दाचा अपभ्रंश आहे. ज्या समाजाला हे नाव पडले तो इजिप्तमधून आला असा गैरसमज होता. त्याचे मूळ खरे तर भारतात आहे. हा शब्द आज अपमानकारक मानला जातो, म्हणून कोड्याबाहेर तो वापरू नये. शायली, स्लायली, ड्रायली, रायली हे शब्द मात्र साधी क्रियाविशेषणे आहेत: लाजत, कावेबाजपणे, कोरडेपणाने, उपहासाने.

ट्रिस्ट या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. त्याचा अर्थ आधी ठरवून केलेली, विशेषतः प्रेमिकांची गुप्त भेट. जुन्या फ्रेंचमध्ये शिकारीच्या वेळी ठरवून दिलेल्या थांबण्याच्या जागेला हा शब्द होता. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द 'संकेत', आणि जागेसाठी 'संकेतस्थळ', जो आता आपण वेबसाइटला देऊन टाकला आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री नेहरूंनी नियतीबरोबरच्या ज्या 'ट्रिस्ट'चा उल्लेख केला, त्याचे मराठीत 'नियतीशी करार' झाले. माझ्या मते त्यात भेटीची ओढ हरवते.

हाच शब्द वर्डलसारख्या, म्हणजे पाच अक्षरी शब्द मोजक्या प्रयत्नांत ओळखण्याच्या खेळात कसा सापडतो ते पाहा. पहिला प्रयत्न 'अड्यू', म्हणजे ए, डी, आय, ई, यू. सर्व चौकोन करडे, म्हणजे यांतले एकही अक्षर शब्दात नाही. दुसरा 'स्टोरी', त्यातला ओ करडा, पण एस, टी, आर आणि वाय पिवळे, म्हणजे शब्दात आहेत पण चुकीच्या जागी. आता पाचही स्वर बाद झाले आणि वायही शेवटी नाही. येथे बहुतेक जण अडकतात, कारण त्यांना वाय शेवटीच पाहण्याची सवय असते. तो मधल्या चौकोनात ठेवा, त्याच्या आधी टी आणि आर ठेवा, एस चौथ्या जागी जातो, आणि उरलेल्या चौकोनात टी पुन्हा येतो.

वायही नको असेल तर वेल्श भाषेकडे वळावे लागते, जेथे डब्ल्यू स्वर म्हणून चालतो. सी, आर, डब्ल्यू, टी, एच, उच्चार 'क्रूथ', हे वेल्समधील गजाने वाजवायचे तंतुवाद्य. तीन अक्षरी 'कूम' (सी, डब्ल्यू, एम) म्हणजे दरी. एव्हरेस्टवरील वेस्टर्न कूमला हे नाव १९२१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने दिले.

तुम्ही पाचच अक्षरे विचारली आहेत, तरी सहा अक्षरांचे दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिदम म्हणजे लय: आर, एच, वाय, टी, एच, एम. बोलताना त्यात दोन स्वर ऐकू येतात, पण दुसऱ्या स्वरासाठी स्पेलिंगमध्ये एकही चिन्ह नाही. दुसरा शब्द सिझिजी, ज्यात एस, झेड, जी या प्रत्येकामागे एक वाय येतो. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येण्याला खगोलशास्त्रात हे नाव आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला ते घडते आणि समुद्राला उधाण येते. ग्रीक 'झिगॉन' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि झिगॉन, संस्कृत 'युग', इंग्रजी 'योक' व आपले 'जू' ही एकाच मुळाची भावंडे आहेत. पंचांगातली 'युती' याच घराण्यातली, त्यामुळे हे अवघड दिसणारे स्पेलिंग मी एकदा पाहिले आणि पुन्हा कधी चुकलो नाही.