जनगणनेत शहर, कारभारात गाव

प्रश्न: राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, म्हापशात नोकरी करते. नगरविकास आणि प्रशासनावर पीएचडी करायची आहे. ‘गोव्यातील शहरीकरण’ हा विषय कसा वाटतो?

उत्तर: ताई, एवढ्या विषयाला एक जन्म पुरायचा नाही. लहान करा. 2011च्या जनगणनेत गोव्याची सुमारे 62 टक्के लोकसंख्या शहरी ठरली. पण ताळगाव पाहा: जनगणनेच्या वहीत शहर, कारभार मात्र पंचायतीचा. पाच हजारांवर वस्ती, दाटी आणि बहुतेक कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढं जमलं की गाव ‘जनगणना शहर’ होतं. नगरपालिका आपोआप येत नाही. सात मजल्यांच्या इमारतीचा कचरा सरपंच आणि सचिव कसा निस्तरतात? मला विचाराल तर प्रबंध इथेच आहे.

एकच पंचायत घ्या आणि दहा वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्तं वाचा. मी वाचायला गेलो तेव्हा एका पंचायतीत ‘सचिव मीटिंगेक गेला’ हे चार सोमवार ऐकलं. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. वह्या मिळाल्या, वाळवी लागलेल्या. तीन ठरावांवर एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या सह्या! तुम्ही अर्ज पहिल्याच दिवशी द्या, उत्तराला तीस दिवस धरा.

1974चा नगरनियोजन कायदा दुरुस्त्यांसह वाचा, विशेषतः जमिनीच्या झोनबदलाशी संबंधित कलम 17(2) आणि 39अ. नोकरी सोडू नका. यूजीसीच्या 2022च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. कार्यालयाचं ना-हरकत पत्र तेवढं आधी मागून ठेवा.