वडिलांचा जुना डी-८ एच डोझर बंद पडलाय, ट्रान्समिशनचे भाग कुठेच मिळत नाहीत. बडोद्याच्या आसपास काही उपाय आहे का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांनी सिंचन खात्याच्या लिलावात घेतलेला कॅटरपिलरचा डोझर, इंजिन अजून ठणठणीत, पण इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारा जॉइंट तुटला आणि उघडून पाहिलं तर एका गिअरचे दातही गेलेले. डीलरनं ‘मॉडेल बंद झालं’ म्हणून सांगितलं, मिस्त्री ‘भंगारात काढा’ म्हणतोय. दोन्ही उत्तरं घाईत दिलेली आहेत. मी मकरपुरा जीआयडीसीत जुन्या यंत्रांच्या गिअरबॉक्सचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. कृपा करून अजून काहीही विकू नका, आणि तुटलेला एकही तुकडा फेकू नका.

डीलर ‘बंद’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अख्ख्या असेंब्लीचा नंबर बंद झालेला असतो. आतली बेअरिंगं, ऑइल सीलं, क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), सर्कलिप हा माल बहुतांशी बेअरिंग आणि जॉइंट बनवणाऱ्या कंपन्यांचा असतो. डोझरवाल्यानं त्यावर आपला नंबर घातलेला असतो, एवढंच. तो माल आजही बनतो, कारण तीच मापं शेकडो दुसऱ्या यंत्रांत बसतात. खऱ्या अर्थानं त्या डोझरचेच असे भाग थोडे असतात: गिअर, स्प्लाइनचे (लांब खाचांचे) शाफ्ट, हाउसिंग. तेव्हा आधी सगळं खोलून दोन ढीग करा, बाजारात मापानं मिळणाऱ्यांचा एक आणि फक्त या मशीनचे असलेल्यांचा दुसरा. दुसरा ढीग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघेल. पैसा आणि धावपळ त्याच्यासाठी राखून ठेवा.

त्याआधी मशीनचा नंबर. डी-८ एच १९५८ ते १९७४ अशी सोळा वर्षं बनत होता आणि त्या काळात आतून बराच बदलला. सीरियल नंबरच्या सुरुवातीची अक्षरं इथे सगळ्यात महत्त्वाची. ४६ए असेल तर पॉवरशिफ्ट, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला. ३६ए असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे क्लच आणि हातानं टाकायचे गिअर. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आतली ड्राइव्हलाइन मात्र पूर्ण वेगळी. नुसतं ‘डी-८ एच’ सांगून कुणाकडेही भाग मागितलात तर निम्म्या वेळा चुकीची वस्तू येईल, आणि या वजनाच्या वस्तू परत पाठवणं परवडत नाही. इंजिनावरच्या नंबरावर विसंबू नका. सरकारी खात्यांत इंजिनं एका मशीनमधून काढून दुसऱ्यात बसवण्याची रीतच होती. मागच्या केसवरची प्लेट पाहा. प्लेट गेली असेल तर तारेच्या ब्रशनं रंग काढून ठोकलेला नंबर शोधा. अख्खा नंबर हाती आला की त्याच सीरियलचं पार्ट बुक मिळवा. जुन्या पार्ट बुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती विकत मिळतात आणि त्या पैशांइतका उपयोगी खर्च या कामात दुसरा नाही.

पार्ट बुकातले नंबर घेऊन पुन्हा डीलरकडे जा. यावेळी मॉडेलचं नाव घेऊ नका, फक्त नंबर द्या आणि ‘हा नंबर बदलून आता कोणता झालाय’ असं विचारा. जुना नंबर रद्द होऊन त्याच्या जागी नवा आलेला असतो, कधी एकामागून एक दोन-तीन वेळा. काउंटरवरचा मुलगा पहिला नंबर घालतो, स्क्रीनवर काही येत नाही आणि तो ‘नाही’ म्हणतो. अजून एक लक्षात ठेवा: ओतीव भागावर उठावदार अक्षरात असतो तो साच्याचा नंबर. तो पार्ट नंबर असेलच असं नाही.

आता तुमचा जॉइंट. या जातीच्या यंत्रांत साधारण विंग टाइपचा क्रॉस असतो, म्हणजे कपाला दोन्ही बाजूंना कान असतात आणि ते बोल्टनं योकवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्यावर, बसतात. ट्रकमधला क्रॉस गोल कपाचा असतो. दोन्हींच्या ठरलेल्या सिरीज आहेत. विंग टाइपच्या ५सी, ६सी, ७सी, ८सी अशा, तर गोल कपाच्या १३१०, १४१०, १४८०, १६१०, १७१० अशा. विंग टाइपची कपाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, दोन बोल्टांच्या भोकांमधलं अंतर आणि चावीची रुंदी मोजा. गोल कप असेल तर कपाचा व्यास आणि एकूण लांबी. सगळी मापं घ्या, एकावर भागवू नका. उदाहरण देतो: १४१० आणि १४८० या दोन्ही क्रॉसची लांबी सारखीच, सुमारे १०६.४ मिमी. पण कपाचा व्यास एकात ३०.२ आणि दुसऱ्यात ३४.९ मिमी. फक्त लांबी फोनवर सांगून मागवलेला क्रॉस हातात आल्यावर योकमध्ये शिरतच नाही, किंवा खुळखुळतो. मापं नीट असतील तर असा क्रॉस मुंबईत नागदेवीला किंवा दिल्लीत काश्मिरी गेटला सापडायची चांगली शक्यता आहे.

क्रॉस मिळाला म्हणून लगेच बसवू नका. तो तुटला का ते आधी बघा. ग्रीस नसल्यानं मेला असेल तर कपाच्या आत सुयांचे खोल चरे उमटलेले दिसतील आणि रंग निळसर-तपकिरी झालेला असेल. एका झटक्यात तुटला असेल तर तुटलेली बाजू दाणेदार, चकचकीत दिसते, आणि मग शंका गिअरबॉक्सवर जाते: दाताचा तुकडा मध्ये अडकला, शाफ्ट आखडला आणि सगळा जोर क्रॉसवर आला. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. तसं असेल तर दोन्ही बाजूंच्या योकला तडा आहे का ते डाय पेनिट्रंट, म्हणजे तडा उठून दिसेल असं रंगीत रसायन, मारून तपासा. ते रसायन स्वस्त असतं. शाफ्टला सरकता स्प्लाइन असेल तर खोलण्याआधी दोन्ही भागांवर सेंटर पंचनं खुणा करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉसही हादऱ्यानं लवकर जाईल.

बेअरिंगांचं काम सगळ्यात सोपं, तरी लोक तिथेच हात टेकतात. बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, पुसून कोरडं करा, रेसच्या कडेवर पांढरा खडू घासा आणि बोटानं पुसा. खोलगट अक्षरांत खडू राहतो आणि नंबर वाचता येतो. टेपर रोलर बेअरिंगमध्ये आतल्या कोनचा नंबर वेगळा आणि बाहेरच्या कपाचा वेगळा, दोन्ही लिहून घ्या. अमेरिकन यंत्रांत ही बेअरिंगं इंची मापाची असतात. ६० वर्षांपूर्वीचे टिमकेनचे बरेच नंबर आजही जसेच्या तसे चालू आहेत. आपल्याकडे मांजलपूरपासून सयाजीगंजपर्यंत कुठल्याही जाणत्या बेअरिंगवाल्याला नंबर दिला की तो बरोबरीचा नंबर काढून देतो. बेअरिंगांचा कारखाना माणेजात असलेल्या गावाला एवढी सवय असायलाच हवी! नंबर झिजून गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मायक्रोमीटरनं घ्या. जुन्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) मात्र तारेत ओवून, कुठल्या बाजूच्या ते लिहून जपून ठेवा. फायनल ड्राइव्हला, म्हणजे पट्ट्यांकडे जोर नेणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीला, फ्लोटिंग सील असेल तर दोन्ही धातूच्या रिंगा आणि दोन्ही रबरं मिळून एकच सेट बदलायचा. एक रिंग जुनी ठेवली की ते गळणारच.

राहिला गिअर. इथे मी मनापासून सावध करतो, कारण याच टप्प्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. तुटलेला गिअर घेऊन गेलात की ‘बनवून देतो’ म्हणणारे भरपूर भेटतील. बनवता येतो, आपल्या भागात तर चांगलाच बनतो. विद्यानगरला १९६० पासून एलेकॉन ही गिअर बनवणारी कंपनी आहे, त्यामुळे विठ्ठल उद्योगनगरात गिअर कापणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. बडोद्यात हिंदुस्तान ट्रॅक्टर्सचा कारखाना होता, झेटॉरच्या तंत्राचे ट्रॅक्टर तिथे बनायचे. पुढे १९९९ मध्ये तो महिंद्राकडे गेला. त्या हाताखाली शिकलेले कारागीर आजही शहरात आहेत. हात आहेत, मशिनं आहेत. घोळ होतो तो मापात आणि पोलादात.

मापाचं असं. दाताचा आकार आपल्याकडचे कटर मॉड्यूलमध्ये (मिलिमीटरवर आधारलेलं माप) मोजतात, अमेरिकन जुने गिअर डायमेट्रल पिचमध्ये, म्हणजे डीपीत (इंचावर आधारलेलं माप). २५.४ भागिले डीपी केलं की मॉड्यूल येतं. ५ डीपी म्हणजे ५.०८ मॉड्यूल. कारागीर म्हणतो ‘५ मॉड्यूलच आहे हो’, आणि कापून मोकळा होतो. तो गिअर जोडीदारावर फिरतो, पण दात नीट भिडत नाहीत, आवाज करतो आणि जोडीदारालाही खातो. ६ डीपी म्हणजे ४.२३३, तो ४.२५ समजून कापला जातो. दुसरा घोळ प्रेशर अँगलचा, म्हणजे दाताच्या बाजूच्या उताराच्या कोनाचा: जुन्यात साडेचौदा अंश असू शकतो, आज सर्रास वीस. हे ओळखायची पद्धत सोपी आहे. न झिजलेल्या बाजूला डिस्क मायक्रोमीटरनं समजा चार दातांवर माप घ्या, मग पाच दातांवर. दोघांमधला फरक ६ डीपीच्या सरळ दातांच्या गिअरमध्ये वीस अंशाला १२.५० मिमी येईल आणि साडेचौदा अंशाला १२.८८. वर्नियरनंही कळावा इतका हा फरक आहे. बाहेरच्या व्यासावरून डीपी काढताना मात्र जपून, कारण जुन्या गिअरबॉक्सांत आखूड, म्हणजे स्टब दातही असतात आणि मग नेहमीचं सूत्र फसवतं. जो गिअरवाला हे न विचारता भाव सांगेल, त्याच्याकडून नमस्कार करून परत या.

पोलादाचं त्याहून गंभीर. ओळखीतल्या एका खाणवाल्यानं असाच गिअर एका वर्कशॉपमधून करून आणला होता, दिसायला देखणा. ईएन-८ मध्ये कापून वरून गॅसनं तापवून कडक केलेला. थोड्याच दिवसांत दातांच्या कडा गोल झाल्या आणि तो पूड होऊन तेलात उतरला. डोझरच्या गिअरला केस हार्डनिंगचं पोलाद लागतं: ईएन-३६, ईएन-३५३, २०एमएनसीआर५ किंवा ८६२०. कापल्यावर कार्बुरायझिंग (वरच्या थरात कार्बन मुरवणं), वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेल कडक, आतला गाभा चिवट. वरून आतपर्यंत सगळाच कडक केला तर पहिल्या धक्क्याला दात उडेल. हीट ट्रीटमेंटमध्ये गिअर थोडा वाकडा होतो, म्हणून बोअर आणि शक्य तर दातही नंतर ग्राइंड करावे लागतात. पोलादाचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (त्यात कोणते घटक किती आहेत ते सांगणारा) आणि कडकपणाचा रिपोर्ट दोन्ही हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चांगला गिअरवाला हे मागितलं म्हणून रागावत नाही.

गेलेला गिअर क्राउन किंवा पिनियन असेल, म्हणजे दात वळणदार असतील, तर तो साध्या हॉबिंग (दात कापायच्या) मशीनवर होत नाही, त्याला वेगळं जनरेटर मशीन लागतं. शिवाय क्राउन-पिनियन जोडीनंच घासून तयार होतात, म्हणून बदलायचे तेही जोडीनंच. अशा वेळी मी नवा बनवण्यापेक्षा जुनी चांगली जोडी शोधायचा सल्ला देतो. अमेरिकेत जुन्या यंत्रांचे भाग काढून विकणारे बरेच धंदे आहेत. त्यांना सीरियल आणि पार्ट नंबर कळवा, दातांचे जवळून काढलेले फोटो मागा, जोडीचे नंबर दोन्हींवर एकच आहेत ना ते पाहा. भाडं आणि कस्टम ड्युटी आधीच हिशोबात धरा, वस्तूच्या किमतीइतकं ते सहज होतं.

दुसरा मार्ग म्हणजे तसाच एक मेलेला डोझर विकत घेणं. कोळसा कंपन्या आणि सरकारी खाती आपली मोडीत काढलेली यंत्रं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात विकतात. लॉटच्या माहितीत सीरियल दिलेला नसेल तर प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी जाऊन वाचा, त्याशिवाय बोली लावू नका. ४६ए पाहिजे असताना ३६ए घेऊन आलात तर ट्रान्समिशनच्या बाबतीत हाती लोखंडच उरेल. मशीन जुळत असेल तर हा उपाय सगळ्यात स्वस्त पडतो, कारण फायनल ड्राइव्हपासून स्टिअरिंग क्लचपर्यंत पुढच्या वर्षांचा साठाही होतो.

काही जण तुम्हाला जहाजं तोडतात त्या अलंगला पाठवतील. तिथे जहाजांचा माल. डोझरचा गिअरबॉक्स तिथे मिळायचा नाही. आणि जहाजाच्या शाफ्टच्या तुकड्यातून गिअर कापायचा मोह तर अजिबात नको, कारण ते पोलाद कुठलं हे कुणालाच ठाऊक नसतं. बीईएमएल या भारतीय कंपनीच्या डोझरचे भाग ‘थोडं घासून बसतील’ असंही कुणी सांगेल. ती यंत्रं कोमात्सूच्या रचनेवर बनलेली आहेत, त्यांचे गिअर तुमच्यात बसणार नाहीत. बेअरिंग किंवा सील मापानं जुळलं तर गोष्ट वेगळी.

तुम्ही एवढं करा: मागच्या केसवरचा सीरियल नंबर, तुटलेल्या क्रॉसची मापं, आणि गेलेल्या गिअरचा समोरून आणि कडेनं काढलेला फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, इथे प्रतिक्रियेत टाका. दातांची संख्या मोजून लिहा, तुटलेले दातही धरून. जोडीदार गिअरचेही दात मोजा. त्यावरून तो बनवायचा की शोधायचा हे मी सांगू शकेन.

तोवर केस उघडी ठेवू नका, पावसाचे दिवस आहेत. तेल काढून चाळणीतून गाळा आणि दाताचे तुकडे जुळवून बघा, सगळे मिळाले का ते. एखादा जरी कमी असेल तर तो आत कुठेतरी, बहुधा तळाशी किंवा पंपाच्या जाळीपाशी बसलेला आहे. तो सापडेपर्यंत नवा भाग बसवायची घाई करू नका.